व्याह्यांचा फ्लू

"मुलीच्या बापाला 'ए' फ्लू आणि मुलाच्या बापाला 'बी'? हा कुठला मानपान?" नाकात ऑक्सिजनची नळी असूनही रंगनाथरावांनी डॉक्टरीणबाईंना जाब विचारला. लग्नात मांडवभर पसरलेल्या फ्लूने दोन्ही व्याह्यांना एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर आणून टाकलं होतं.

"'बी' म्हणजे दुय्यम नव्हे हो. इथे दाखल व्हायची वेळ आली, की दोन्ही सारखेच लोळवतात," बाई म्हणाल्या.

तरी 'ए'वाले व्याही चौथ्या दिवशी ठणठणीत झाले. रंगनाथरावांना मात्र नळी काढली की धाप लागायची. आपण काही आता घरी जात नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

बाईंनी व्याह्यांना सुट्टी दिली, तर ते खाटेवर मांडी ठोकून बसले. "वरपक्षाच्या आधी आम्ही निघायचं? लोक काय म्हणतील?"

दोन दिवस ते हललेच नाहीत. शेवटी रंगनाथरावांनाच लाज वाटली. त्यांनी नळी काढायला लावली आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून, सिस्टरचा हात धरून ते दारापर्यंत गेले.

"व्हा पुढे," ते व्याह्यांना म्हणाले.

"भलतंच. मान तुमचा."

"मान माझा, तर हुकूमही माझाच."

"मुलगी दिलीय तुमच्या घरात, पुढे कसा होऊ?"

दहा मिनिटं दोघे दारात हुज्जत घालत होते. सिस्टरने चिमट्यावरचा आकडा पाहिला. नळीशिवाय शहाण्णव.

"चालू द्या," म्हणत तिने खुर्ची ओढली आणि रंगनाथरावांच्या सुट्टीचा कागद भरायला घेतला.