यल्दाला धूप

शुशान चुकीच्या कबरीवर धूप घालत होती.

ईस्टरनंतरचा सोमवार. गावातल्या बाया आपापल्या मेलेल्यांपाशी बसल्या होत्या. कुणी रडत होती, कुणी उकडलेली अंडी सोलत होती. ओराहाने लांबून पाहिलं आणि तो जवळ आला. इराकमधल्या या गावातल्या आश्शूरी ख्रिस्ती मंडळाचा तो प्रमुख. पोरांना आपली लिपी शिकवायचा, म्हणून सगळे त्याला राबी म्हणत, म्हणजे गुरुजी.

"मावशी, हा तुझा झाया नाही. हा म्हातारा यल्दा."

शेजारची मलका खुदकन हसली. मेल्याने जिवंतपणी शुशानच्या कोंबड्या पळवल्या, आता पोराचा धूपही पळवला, म्हणाली. वर्षभर इथेच तर येऊन बसते ही. शुशान हसली नाही. रागावलीही नाही. मोसुलच्या रस्त्यावर झाया बॉम्बने गेला, तेव्हापासून तिच्या चेहऱ्यावर काही हलत नसे.

ओराहा चिडला. दगडावर एवढं मोठं नाव कोरलंय, वाचायचं की, म्हणाला.

शुशान दगडाकडे बघत राहिली. भिंतीकडे बघावं तशी.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

आयसिसच्या काळ्या झेंडेवाल्यांनी कबरस्तान फोडलं, त्यात जुने दगड आणि खुणा गेल्या. पळून गेलेलं गाव परतल्यावर मंडळाने नवे बसवले, सगळे एकसारखे, नावं फक्त आपल्या लिपीत. आपल्या मेलेल्यांवर अरबी अक्षर नको, हा ठराव ओराहाचाच. टाळ्या पडल्या होत्या. शुशाननेही टाळी वाजवली होती. भांडणं, प्रार्थना, अंगाई, सगळं ती जन्मभर आपल्याच भाषेत करत आली. पण सरकारी शाळेने तिला वाचायला शिकवलं ते फक्त अरबी. गावातल्या निम्म्या बायांचं तेच. पण त्यांना नातवंडं हात धरून आणत, शुशानला कुणी उरलं नव्हतं. आणि भाषा वाचवायला निघालेल्या एकाही शहाण्याला हे सुचलं नव्हतं. तीन हजार वर्षांमागचे राजे त्यांना तोंडपाठ होते. समोर बसलेली बाई दिसली नव्हती.

ओराहाने तिला पलीकडच्या रांगेत नेलं, खऱ्या दगडापाशी बसवलं. त्याची मान खाली होती. खाली बारीक अरबीत नाव कोरून देतो, उद्याच माणूस लावतो, म्हणाला. ती नको म्हणाली. पोराच्या डोक्याशी आणखी ठोकाठोक नको.

शनिवारी ती वर्गात आली आणि पोरांच्या बाकावर जाऊन बसली. पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली. ओराहा मात्र हरखला. त्याने फळ्यावर बावीसच्या बावीस अक्षरं काढली, मोठी, ठसठशीत. बघा रे, म्हणाला, आपली भाषा मरायची नाही. मंडळाच्या फेसबुक पानावर टाकायला फोटो हवा म्हणून त्याने फोनही काढला.

"राबी," शुशान म्हणाली, "यातली झायाची कुठली?"

त्याने तीन अक्षरांवर बोट ठेवलं.

"तेवढी राहू दे. बाकीची पूस."