मोकळं नाक

"डॉक्टर, बग बला वास यायला लागेल का?" खुर्चीत मान मागे टाकून सुनेने विचारलं. नाकात बधिर करणाऱ्या औषधाचे बोळे कोंबलेले, म्हणून 'मग मला'चं असं झालं होतं.

"येईल की!" डॉक्टर म्हणाल्या. "आतलं मांस वाढून हवेची वाटच बुजलीये. ते आपण सुईने जरा शेकून आकसवायचं. दहा मिनिटांचं काम. सूज उतरली की साबणाचा काय, करपल्या दुधाचा काय, सगळे वास येतील."

डॉक्टरांनी हे आनंदाने सांगितलं, पण सुनेला ती धमकीच वाटली.

सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. भांडं देणं, पुसणं, कपडे बदलणं, सगळं हीच करायची. त्यांची पोटची लेक महिन्यातून एकदा यायची, नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारपूस करायची आणि जाताना न चुकता म्हणायची, "वहिनी, तू आहेस म्हणून आई आहे गं." शेजारणी तर आपापल्या सुनांना हिचे दाखले देत. ही बिचारी मनातल्या मनात ओशाळायची. कसलं कौतुक नि कसलं काय! हिचं नाक लग्नाआधीपासून चोंदलेलं. घाण दिसायची, वास म्हणून कधी आला नाही. फुकटचं पुण्य पदरात पडत होतं झालं. उद्या नाक उघडलं आणि हिचंही पाऊल दारातच अडलं, तर सासूबाईंना कोण बघणार?

पण तोंडाने श्वास ओढून ओढून ती अर्धी झाली होती. सासूबाईंना कुशीवर वळवताना एकदा दम लागून तीच मटकन खाली बसली. तेव्हा सासूबाईंनीच हट्ट धरला, "आधी जाऊन नाक दाखव. माझं काय पळून जातंय?" म्हणून ती इथवर आली होती.

डॉक्टरांनी बोळे काढले. थोडा दाब, थोडी ऊब, डोळ्यांत पाणी, आणि खरोखरच दहा मिनिटांत संपलं.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्यात अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती बादली घेऊन सासूबाईंच्या खोलीत शिरली आणि भपकारा आला. बादली तिथेच टेकवून ती माघारी वळली, पार व्हरांड्यापर्यंत गेली. ज्याची भीती होती तेच झालं होतं. तिला स्वतःची शरम वाटली.

बऱ्याच वेळाने ती परत आली. तोंड घट्ट मिटून, नाकानेच श्वास घेत ती वास कुठून येतोय ते शोधू लागली. चादर कालच बदललेली, ती स्वच्छ होती. वास मेणकापडाच्या शिवणीत होता. त्याखाली गादीच्या कडेला होता. उशीच्या कापसात होता. जे तिच्या डोळ्यांना तीन वर्षं चकचकीत दिसत होतं, ते सगळं आतून आंबलं होतं. आणि त्यावर सासूबाई निजत होत्या. त्यांचं नाक तर भलतंच तिखट. स्वयंपाकघरात दूध लागलं तर ते आधी त्यांना इथून कळायचं.

बादलीतलं फडकं पिळून ती गादीची कड पुसायला वाकली.

"आई, तीन वर्षं तुम्ही ह्यात... अहो, एकदा तरी बोलायचं!"

सासूबाईंनी तिचा ओला हात धरून जवळ ओढला.

"काय बोलू? सख्ख्या लेकीनं नाक मुरडलं, तू नाही मुरडलंस. मग मी कुठल्या तोंडानं मुरडू गं?"