चाकाखालची जागा

भुरूचं पोट ढोलासारखं ताणलं होतं. घरी तपासायला आलेल्या प्राण्यांच्या डॉक्टर ऋजुतांनी नुसता हात लावला, तरी तो कळवळला.

"कालपासून थेंब नाही हो," हेमलतामावशी म्हणाल्या. "खडा असेल का?"

"खडा कसला! झडप बंद आहे."

शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येक कुत्र्याच्या मूत्रमार्गात झडप बसवण्याचा कायदा झाला होता. ती फक्त सोसायटीत नेमून दिलेल्या जागेवर उघडायची.

"मग जागेवर का नाही नेलंत?"

"तिथं आता चेअरमनसाहेबांची नवी गाडी असते. गाडीजवळ कुत्रं दिसता कामा नये, असं त्यांनी ग्रुपवर टाकलंय. काल गाडी हलवा म्हणून सांगायला गेले, तर घरचे म्हणाले, साहेब झोपलेत."

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "झोपलेत? इथं याचा जीव चाललाय!"

त्यांनी भुरूला उचललं, तरातरा जिना उतरल्या आणि त्या चकचकीत गाडीच्या चाकाशी त्याला उभं केलं. झडप उघडली. भुरू डोळे मिटून कितीतरी वेळ मोकळा होत राहिला.

गॅलरीतून आरडाओरडा झाला आणि चेअरमन उंब्रजकर धापा टाकत खाली आले. "अहो, नवी गाडी आहे! काय चाललंय काय हे?"

"उपचार," डॉक्टर कडाडल्या. "काल मावशी दारात आल्या, तेव्हा तुम्हाला जाग आली नाही. आज चाक भिजलं, तर चपला घालायलासुद्धा थांबला नाहीत!"

उंब्रजकरांनी खाली पाहिलं. ओघळ त्यांच्या अनवाणी पायांपर्यंत पोचला होता.