उलट्या चवड्याचा मोजा

आत्याबाईंनी शिवलेला मोजा सुलटा केला, उजेडात धरला आणि कपाळाला हात लावला. मोज्याचा चवडा भलत्याच दिशेला होता.

नाताळ दुसऱ्या दिवसावर आला होता. दाराशेजारच्या भिंतीवर दांडी ठोकून झाली होती आणि तिच्यावर घरातल्या माणसांचे कापडी मोजे रांगेने टांगले होते. प्रत्येकावर फुलीच्या टाक्यांनी भरलेली ज्याची त्याची खूण होती. आत्याबाईंची कात्री, त्यांच्या भावाचा ट्रक, भावाच्या लेकीची लालभडक मिरची. आजोबांची टोपी होती, लेकीच्या आईचा निळा पक्षी होता. ती दोघं आता राहिली नव्हती, पण या घरात एकदा टांगलेला मोजा कायमचा टांगलेला असे. आणि साऱ्यांचे चवडे दाराकडे. घराचा तसा जुना नियमच होता. चवडा दाराकडे म्हणजे माणूस कामाला निघालेलं. चवडा घराकडे म्हणजे खायला काळ अन् भुईला भार.

हा नवा मोजा नव्या आईचा होता. ती उन्हाळ्यात लग्न होऊन घरात आली. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची, हसतमुख होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी दोन दिवसांत तिचं गूळपीठ जमलं. जमलं नाही ते फक्त लेकीशी. जिभेच्या धारेपायी जिला सगळे मिरची म्हणत, ती पोर नव्या आईसमोर मुकी व्हायची. हो, नाही, आणि खोलीचं दार बंद. हाक मारायची वेळ आली तर लांबून खोकायची. एखाद्या दिवशी कडाकडा भांडली असती तरी नवी आई खूश झाली असती. तिला या पोरीच्या तोंडून एक धड वाक्य हवं होतं, बाकी काही नको होतं.

म्हणूनच, यंदा नव्या माणसाचा मोजा मी भरणार, असं मिरचीनं जाहीर केलं तेव्हा तिच्या बाबांना आकाश ठेंगणं झालं. नव्या आईनं दुसऱ्या दिवशी दुकानात काचा पुसायचं फडकं गुपचूप डोळ्यांना लावलं. त्यानंतर मिरची रोज मॅटीचं कापड आणि रेशमाच्या लडी घेऊन दाराआड बसायची. कुणाला काही दाखवायची नाही. शेवटी तिनं पुढची आणि मागची बाजू एकावर एक ठेवून, भरतकाम आत झाकून, टाचण्या लावून आत्याबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, फक्त कडेनं मशीन मारून दे. आतून बघितलं तर चवडा अगदी बरोबर दिसत होता. जन्म शिवणात गेलेल्या आत्याबाई अशा फसल्या.

आता सगळे मोज्याभोवती जमले. कागदाचा फर्मा कापडावर पालथा ठेवला असणार, हे आत्याबाईंचं निदान. उसवून काही उपयोग नाही, भरलेलं कापड का आरशातल्यासारखं फिरणार आहे, असं म्हणून त्यांनी कात्री टेबलावर आपटली. ट्रकच्या फेरीवरून आदल्या दिवशीच परतलेले बाबा लेकीकडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं, मुद्दाम केलंस का? मिरचीचे कान लाल झाले.

नव्या आईनं मोजा हातात घेतला. त्यावर चष्मा भरला होता, आणि तो तिचाच होता. जगाचे चष्मे दुरुस्त करणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी मात्र दोऱ्यानं बांधलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. पोरीनं तो दोरासुद्धा भरला होता, गाठीसकट. इतकं जवळून ती कधी बघत बसली होती, कोण जाणे. पण एवढं बारीक बघणारीचा फर्मा पालथा पडेल? नव्या आईला ते पटेना, आणि मग तिची नजर भिंतीवरच्या रांगेकडे गेली. रांगेतली सगळी एकीकडे आणि आपण एकटी दुसरीकडे. पोरीनं बोलायचं ते टाक्यांनी बोलून घेतलं होतं.

तरी तिला पोरीला बोलणी बसू द्यायची नव्हती.

"अहो, घाईत होतं असं," ती हसून म्हणाली. "भरलेली बाजू भिंतीकडे करू. म्हणजे चवडा दाराकडे येईल."

तिनं स्टुलावर चढून मोजा तसा टांगला. चष्मा भिंतीला लागला, पुढे कोरं हिरवं कापड आलं. रांग सरळ झाली. आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र खाली बघत दांडीखालची टाचणी शोधत बसले, तिथे टाचणी नव्हतीच.

नवी आई स्टुलावरून उतरते न उतरते तोच मिरची त्यावर चढली. तिनं मोजा काढला, फिरवला आणि चष्मा पुढे करून पुन्हा टांगला. मग तिथूनच, कमरेवर हात ठेवून, तिनं सगळ्यांकडे पाहिलं. उन्हाळ्यापासून कोंडलेली मिरची होती ती.

"फर्मा पालथा नव्हता पडला. मीच तसा ठेवला," ती म्हणाली. तिचं बोट रांगेवरून फिरत गेलं. "आजोबा गेले, आई गेली, बाबा तर सारखे जातच असतात. एवढ्या वर्षांत ही एकटीच आत आलीय, आत्या. हिचा पाय दाराकडे करायचा नाही."