जांभळी लिंक

"आता मी काहीही सांगणार नाही हं," असं म्हणत धाकटीनं लॅपटॉप बाबांपुढे सरकवला.

"का? रुसलीस?"

"नियम आहे. परीक्षा घेताना गप्प बसायचं."

"घ्या! आता या वयात परीक्षा." बाबांनी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला.

"तुमची नाही हो बाबा. साइटची."

हे वाक्य मॅडमचं. अख्ख्या वर्गानं संगीत महोत्सवाची जुनाट वेबसाइट नव्यानं करायची, घरच्यांना वापरायला द्यायची, आणि कोण कुठे अडतं ते फॉर्मवर लिहायचं. मॅडम निवडतील ती साइट आयोजक खरोखर लावणार होते, म्हणजे जुनी कायमची बंद. धाकटीचीच लागणार, असं वर्गात सगळे म्हणत होते. म्हणोत बापडे. दीड वर्षापूर्वी ताई गेली, तेव्हापासून धाकटीला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं, आणि त्याचीही आता सवय झाली होती.

सकाळी आईची चाचणी झाली होती. नव्या साइटवर तिकिटाचं पान तिनं अकरा सेकंदांत गाठलं आणि वर विचारलं, "बायकांचं स्वच्छतागृह कुठंय ते कुठे लिहिलंयस? माणूस आधी ते शोधतो." धाकटीनं तेही फॉर्मवर उतरवलं होतं.

"आधी जुन्या साइटवर तिकिटाचं पान शोधा. मग तेच नव्या साइटवर." तिनं फोनवरचं घड्याळ चालू केलं.

जुनी साइट म्हणजे नुसती लिंकांची माळ. सगळ्या निळ्या. एकदा उघडलेली लिंक तिथे जांभळी होते. बाबांच्या लॅपटॉपवर त्या अख्ख्या पानात एकच जांभळी होती, 'क्षणचित्रे'.

बाबांचा हात सरळ तिथेच गेला. फोटोंचं पान उघडलं. तिसरी ओळ, डावीकडून दुसरा. छोट्या मंचावर ताई, मान वाकवून गिटारच्या तारा जुळवतेय, अर्धा चेहरा माइकच्या मागे. फोटो असेल काडेपेटीएवढा.

बाबा लगेच मागे आले. "चुकून लागलं."

'चुकून', धाकटीनं लिहिलं. 'चार सेकंद.'

घरातले ताईचे सगळे फोटो आईनं कपाटात वरच्या खणात ठेवून दिले होते. ठेवू नकोस असं कोणीच म्हणालं नव्हतं.

मग जरा शोधल्यावर तिकिटाचं पान सापडलं. आता नवी साइट. मोठी अक्षरं, काळी पार्श्वभूमी, पहिल्याच पानावर तिकिटाचं केशरी बटण, बैलगाडीच्या चाकाएवढं. बाबांनी ते ओलांडलं. कलाकारांची यादी उघडली, मिटली. वेळापत्रक उघडलं, मिटलं. पार तळाशी गेले. पुन्हा वर आले. केशरी बटण दुसऱ्यांदा मागे पडलं, मग तिसऱ्यांदा.

एक मिनिट.

क्षणचित्रांचं पान नव्या साइटवर नव्हतं. धाकटीनंच काढलं होतं. जुने फोटो इतके लहान की नव्या मोठ्या चौकटीत ताणले की ताईचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन चौकोन दिसायचे. शिवाय सहा वर्षांपूर्वीचे फोटो बघतंय कोण? बटण दाबलं, पान गेलं.

दोन मिनिटं.

"अगं, सांग ना त्यांना!" आई आतून ओरडली. "समोर तर आहे ते बटण!"

"नाही सांगायचं, आई."

"धन्य तुमची परीक्षा."

बाबांनी पानं उघडली, मिटली. एका कोपऱ्यात तीन आडव्या रेघा होत्या, त्या दाबल्या. यादी आली. ती त्यांनी ओठ हलवत वरून खाली वाचली. मग खालून वर.

धाकटी लिहीत होती. 'मेनू उघडला. सापडलं नाही. मेनू पुन्हा उघडला.' अक्षर नेहमीसारखंच सरळ येत होतं.

"ही लागली की ती जुनी बंद का गं?" बाबांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"हो."

"बरं बरं."

मग त्यांनी केशरी बटण दाबलं. "हे काय, सापडलं की तिकीट!" चष्मा काढून त्यांनी त्याची घडी केली. "फक्कड झालीये. एकदम झकास. ते आधी जरा हुडकत बसलो ना, ते माझंच चुकत असेल."

मॅडमनी हेही सांगून ठेवलं होतं. शेवटी प्रत्येक जण हेच म्हणतो, माझंच चुकत असेल. त्यावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणून फॉर्ममध्ये खाली दोन चौकोन होते: चूक वापरणाऱ्याची, चूक रचनेची.

ताई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बाबा असंच म्हणाले होते, माझंच चुकलं असेल. याच आवाजात. तुमचं काही चुकलं नाही, असं तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. धाकटीनंही नाही.

तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली. खाली 'सुधारणा' अशी ओळ होती. तिथे लिहिलं, 'क्षणचित्रांचं पान परत आणणे. फोटो आहेत त्याच आकारात.'

"झालं ना?" बाबा उठायला लागले. "पास का मी?"

"बसा, बाबा. अजून एकदा." तिनं जुनी साइट उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"पुन्हा तिकीट शोधू?"

"नाही. तुम्हाला हवं ते."

बाबांनी चष्म्याची घडी उघडली. धाकटीनं खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली. घड्याळ अजून चालूच होतं. तिनं फोन टेबलावर पालथा घातला.