नऊ दिवसांची रजा

“नऊ दिवस? मंग मेल कोण बघंल?” मालक दगडोबांनी रजेचा अर्ज न वाचताच बाजूला सरकवला.

शिला जागेवर येऊन बसली. नरसीजवळच्या तिच्या बंजारा तांड्यावर आठ दिवसांनी तीज बसणार होती. बिनलग्नाच्या पोरींनी टोपलीत गहू पेरायचे, नऊ दिवस पाणी घालायचं, फेर धरून गाणी म्हणायची. लग्न झालं की टोपली दुसरीच्या हाती. शिलाचं लग्न माघात ठरलं होतं, म्हणजे ही शेवटचीच तीज. नोकरीच्या चार वर्षांत तिच्या वाट्याला एकही आली नव्हती.

आणि दोष तरी कुणाला द्यायचा? कळमनुरीच्या या बियाण्यांच्या कारखान्यात ती कंप्यूटर ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हा कधी काढून टाकतील याचा नेम नव्हता. म्हणून मेलची जोडणी करताना तिने शहाणपणा केला आणि ‘पॉप’ निवडलं. येईल ती मेल तिच्या एकटीच्या कंप्यूटरवर उतरायची आणि सर्व्हरवरून पुसली जायची; त्या कंप्यूटरचा पासवर्डही तिलाच ठाऊक. आपल्यावाचून अडलं पाहिजे! तसं ते अडलंही. नोकरी पक्की झाली आणि बाई खुर्चीला बांधली गेली. सख्ख्या बहिणीच्या हळदीला ती संध्याकाळी पोचली, तोवर हळद उरकून गेली होती. त्या दिवशी ती मोरीत तोंड लपवून रडली.

पण आता देव पावला. मेल पुरवणारी जुनी कंपनी बंद पडत होती. मालकांनी स्वतःचा सर्व्हर घ्यायचं ठरवलं आणि सॉफ्टवेअर निवडायचं काम शिलावरच टाकलं. या खेपेला ती चुकली नाही. तिने फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं, पॉपला रामराम ठोकला आणि ‘आयमॅप’ लावलं. आता मेल सर्व्हरवरच राहणार होती. पासवर्ड असेल त्याने कुठूनही वाचावी. गोदामातल्या जगनभाऊंना तिने मेल वाचायला, उत्तर लिहायला शिकवलं.

तिजेच्या आदल्या दिवशी तिने मालकांना बोलावून आपला आणि गोदामातला, असे दोन्ही कंप्यूटर दाखवले. दोन्हीकडे तीच मेल होती. शिलाला कधी एकदा तांडा गाठते असं झालं होतं.

“ह्या दोनच कंप्यूटरवर दिसते का?” मालकांनी विचारलं.

“न्हाई मालक, कुटंबी. इंटरनेट असलं की झालं.”

“तुमच्या नरसीत?”

“व्हय की! स्टँडपाशी दुकान हाये इंटरनेटचं,” ती हरखून बोलून गेली.

मालकांचा चेहरा खुलला. त्यांनी तिचा अर्ज काढला, पहिल्यांदाच पुरता वाचला आणि मायेने चार तुकडे करून टोपलीत टाकला.

“मंग येडे, रजा काहून मागून राहिली? जगनला त्याचं गोदाम हाये. तू नऊ ते सहा तितं बसत जा.”