दोन फूट बर्फ

"परवा दोन फूट बर्फ पडणार," जगन्नाथ म्हणाले, आणि गाण्याच्या तालमीला जमलेले सगळे हसले.

"काका, मार्च अर्धा संपला!" नरेंद्र म्हणाला. "पडलाच तर काकूंना दीपक राग गायला सांगू. पिस्कॅटवे गावातले सगळे ड्राइव्हवे क्लीन!"

"दुकानांतला ब्रेड आणि दूध आत्ताच संपलंय, यार," तबल्याशी बसलेला गिरीश म्हणाला. "बर्फ म्हटलं की हे अमेरिकन लोक फ्रेंच टोस्टच खातात वाटतं."

जगन्नाथांना ही थट्टा रुचली नाही. निवृत्त अभियंत्याच्या शिस्तीने ते दर दोन तासांनी हवामानखात्याला फोन करून अंदाज वहीत टिपत होते. खराब हवामानात कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार मराठी मंडळाने अध्यक्ष म्हणून त्यांनाच दिला होता.

शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात जगन्नाथांच्या पत्नी पद्मिनीकाकू बारा वर्षांनी रंगमंचावर गाणार होत्या. आज त्यांनी एकच अंतरा तीनदा घेतला. गिरीशने ठेका सांभाळला.

"काकू, अंतरा फारच आवडलेला दिसतोय!" नरेंद्र म्हणाला. काकूही हसल्या.

तालीम जगन्नाथांच्याच घरी होती. चहासाठी स्वयंपाकघरात गेलेल्या नरेंद्रला डब्यांवर, कपाटांवर, खणांवर सुवाच्य अक्षरांतल्या चिठ्ठ्या दिसल्या. "काका, आता फक्त काकूंना लेबल लावायचं राहिलंय!"

जगन्नाथांनी वही मिटली.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तीन घरी फोन केले. त्या तिघांनी पुढे प्रत्येकी तीन, अशी साखळी वाढत गेली. तासाभरात शंभर कुटुंबांना कळले: कार्यक्रम रद्द.

शनिवारी लख्ख ऊन पडले.

दुपारी नरेंद्र खांद्यावर फावडे घेऊन दारात उभा राहिला. "काका, बर्फ उपसायला आलोय. कुठून सुरुवात करू?"

जगन्नाथांनी दार पूर्ण उघडले. नरेंद्रचा आवाज चढला. "दोन महिने काकूंनी रियाज केला. पैठणी इस्त्री करून ठेवली. शाळेचा हॉल आता पुन्हा मिळायचा नाही. वहीतल्या आकड्यांपुढे तुम्हाला बायकोचं गाणं दिसलं नाही? किळस येते, काका."

आतून पद्मिनीकाकू लाडवांची बशी घेऊन आल्या. "बर्फ फार पडलाय का रे बाहेर?"

नरेंद्र खदखदून हसला. "ऐका! काकूसुद्धा टोमणे मारायला लागल्या."

"चूक माझीच," जगन्नाथ म्हणाले. "राजीनामा लिहून ठेवला आहे. घेऊन जा."

नरेंद्रने कागद खिशात घातला आणि निरोप न घेता निघून गेला.

जगन्नाथांनी वही उघडली. शेवटच्या पानावर शुक्रवारच्या तीनच नोंदी होत्या.

'सायं. ६.००: वादळ समुद्राकडे वळले. शनिवारी आकाश निरभ्र.

सायं. ६.१०: पद्मिनी पैठणी नेसून बाहेर आली. विचारले, "आज कुणाचं लग्न आहे?"

सायं. ६.१५: बर्फाचे कारण सांगून पहिला फोन केला.'